भाग ६२ : गाडीच्या दारातले स्पीकर – पैसे आधी कुठे घालायचे?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुमच्यापैकीच एकाने दिलाय. नाशिकच्या एका श्रोत्याने मेल पाठवला. नवी हॅचबॅक घेतली, गाडी आवडली, पण गाणी लावली की तबल्याचा डग्गा कुठे गायबच होतो. दुकानात चौकशी केली तर स्पीकर, ॲम्प्लिफायर, सबवूफर असं मोठं पॅकेज गळ्यात पडायला लागलं. हाताशी आहेत पंधरा हजार, आणि गाडीची वॉरंटी घालवायची नाहीये. त्यांचा प्रश्न सरळ आहे: एवढ्यात नेमकं काय करू?

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय. पुढच्या दोन दारांत चांगले स्पीकर बसवा, आणि स्पीकरवर जेवढं लक्ष द्याल तेवढंच त्या दारावर द्या. मागचे स्पीकर आहेत तसे राहू देत. ॲम्प्लिफायर नंतर, सबवूफर त्याच्याही नंतर. आता हे असं का, ते बघू.

दार हे स्पीकरचं खोकं आहे

घरातला स्पीकर आठवा. तो लाकडाच्या बंद खोक्यात असतो. ते खोकं शोभेसाठी नसतं. स्पीकरचा कोन, म्हणजे तो कागदी किंवा प्लास्टिकचा पडदा, पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा ताणली जाते. म्हणजे पुढून जो आवाज निघतो, त्याच्या बरोबर उलटा आवाज मागून निघतो. हे दोन एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकतात.

हे सगळ्यात जास्त घडतं ते खर्जाच्या बाबतीत. हवेत १०० हर्ट्झच्या आवाजाच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. एवढी लांब लाट पंधरा-वीस सेंटीमीटरच्या स्पीकरला वळसा घालून आरामात पुढे येते आणि पुढच्या लाटेला मारते. वरच्या पट्टीतल्या आवाजांच्या लाटा छोट्या असतात, त्यांचं एवढं बिघडत नाही. म्हणून सुटा स्पीकर हातात धरून वाजवला तर तो किरकिरा वाजतो. सतारीची तार ऐकू येते, डग्गा गायब.

आता गाडीचं दार बघा. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मध्ये पोकळी. त्या पोकळीत काच, काच वर-खाली करणारी यंत्रणा, कुलूप. आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, कारण कारखान्यात आणि नंतर मेकॅनिकला आत हात घालावा लागतो. त्या भोकांवर एक पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो कागद पाणी अडवतो, आवाज अडवत नाही. म्हणजे स्पीकरच्या मागचा आवाज त्या भोकांतून बाहेर येतो, डोअर पॅडच्या मागून फिरतो आणि पुढच्या आवाजाला भेटतो. डग्गा इथे जातो, मंडळी. वर बाहेरचा पत्रा पातळ, तो स्वतःच वाजत राहतो.

म्हणून महागातला स्पीकर अशा दारात लावला तरी तो भोकं असलेल्या खोक्यातच वाजतो. आणि मध्यम किमतीचा स्पीकर नीट बंद केलेल्या, दाबलेल्या दारात बसवला तर ऐकणारा विचारतो की सबवूफर कुठे लपवलाय.

स्पीकर निवडताना काय बघायचं

पहिली गोष्ट माप. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या दारात साडेसहा इंची, म्हणजे साधारण १६५ मिलिमीटरचा स्पीकर बसतो. पण नुसता व्यास बघून भागत नाही. खोली बघा. प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘माउंटिंग डेप्थ’ दिलेली असते. काच पूर्ण खाली आली की ती स्पीकरच्या चुंबकाच्या अगदी मागून जाते. चुंबक जाड असेल तर काच त्यावर आपटते. म्हणून मोजताना काच पूर्ण खाली करूनच मोजायचं. पुढच्या बाजूलाही बघा, नाहीतर कोन डोअर पॅडच्या जाळीला घासतो.

दुसरी गोष्ट, कोॲक्सिअल की कॉम्पोनंट? कोॲक्सिअलमध्ये मोठ्या कोनाच्या मधोमध छोटा ट्वीटर बसवलेला असतो. सोपं, स्वस्त, एका जागी काम. कॉम्पोनंटमध्ये ट्वीटर वेगळा येतो, आणि सोबत क्रॉसओव्हर नावाची छोटी डबी येते, जी खर्ज मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज ट्वीटरला वाटून देते. बारीक आवाज सरळ रेषेत जातो. दारातला स्पीकर तुमच्या पोटरीजवळ असतो, त्यामुळे कोॲक्सिअलचा बारीक आवाज तुमच्या पँटमध्ये आणि सीटच्या कापडात मुरतो. कॉम्पोनंटचा ट्वीटर आरशाच्या आतल्या बाजूच्या त्रिकोणात किंवा खांबावर लावता येतो, आणि गायक डॅशबोर्डवर उभा राहून गातोय असं वाटतं. पुढच्या दारांसाठी मी कॉम्पोनंटच सुचवीन. मागे काही लावायचंच असेल, तर कोॲक्सिअल पुरे.

तिसरी गोष्ट, जी खोक्यावर सगळ्यात बारीक अक्षरात लिहिलेली असते: सेन्सिटिव्हिटी. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट ताकद. ८८ डेसिबलचा स्पीकर जेवढा आवाज २० वॉटमध्ये देईल, तेवढाच आवाज ९१ डेसिबलचा स्पीकर १० वॉटमध्ये देईल. ॲम्प्लिफायर घेणार नसाल तर ९० किंवा त्याहून जास्त आकडा शोधा. फक्त एक काळजी घ्या: काही उत्पादक २.८३ व्होल्टवर मोजून आकडा देतात. चार ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॉट होतात, त्यामुळे आकडा तीन डेसिबलने फुगलेला दिसतो. तुलना करताना दोन्हीकडची मोजण्याची रीत एकच आहे ना, ते बघा.

ओहम बघा. बहुतेक गाड्यांच्या स्टिरिओला चार ओहमचे स्पीकर चालतात. दोन ओहमचे लावले तर स्टिरिओ तापतो. स्टिरिओच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी वाचा.

थोडं खोलात जायचं असेल त्यांच्यासाठी: ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पीकर आणि खोकं यांच्या नात्याचं गणित मांडलं. आजही चांगल्या कंपन्या ते थील-स्मॉल आकडे देतात. त्यातला ‘क्यूटीएस’ हा आकडा बघा. दार हे मोठं आणि थोडं गळकं खोकं असल्यामुळे तिथे साधारण ०.५ ते ०.७ चा स्पीकर बरा वाजतो. ०.३ च्या आसपासचा स्पीकर मुळात छोट्या, मोजून मापून केलेल्या खोक्यासाठी असतो, दारात त्याचा खर्ज अंगावर येत नाही. हे आकडे अजिबात न छापणाऱ्या स्पीकरपासून मी जरा लांबच राहतो.

ते ‘चार गुणिले पन्नास वॉट’ काय असतं?

स्टिरिओवर ५० वॉट लिहिलंय, मग ॲम्प्लिफायर कशाला, असं बरेच जण विचारतात. कागद-पेन्सिल घ्या. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. साध्या स्टिरिओतली चिप तेवढेच व्होल्ट वापरू शकते, तिच्याकडे वाढवायची सोय नसते. १४.४ चा वर्ग भागिले चार ओहम, उत्तर येतं जवळजवळ ५२. हेच ते ५० वॉट! पण हा हिशोब तेव्हाचा, जेव्हा आवाजाची लाट पूर्ण चौकोनी झालेली असते, म्हणजे पूर्ण फाटलेला आवाज. स्वच्छ, गोल लाटेसाठी तेच गणित केलं तर उत्तर २६ येतं. चिपमधली घट वजा करा आणि आवाज फाटायच्या जरा आधी थांबा, हातात राहतात पंधरा ते वीस वॉट.

पंधरा-वीस वॉट कमी नाहीत. चांगल्या सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला, काचा बंद करून, रोजच्या ऐकण्यासाठी ते पुरतात. फक्त खोक्यावरचे ‘३०० वॉट मॅक्स’ वगैरे आकडे विसरून जा. ‘आरएमएस’ लिहिलेला आकडा वाचा, आणि तोही स्पीकर किती सहन करतो हे सांगतो, किती वाजतो हे नाही.

दाराची तयारी

आता खरं काम. डोअर पॅड काढलं की दार उघडं पडतं. इथे तीन कामं आहेत.

एक, बाहेरच्या पत्र्याचं वाजणं थांबवणं. त्यासाठी ब्यूटाइलची शीट मिळते, एका बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल आणि दुसऱ्या बाजूला चिकट काळा थर. आतल्या पत्र्याच्या भोकांतून हात घालून ती बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवायची. आधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा, आणि शीट रोलरने दाबून दाबून बसवा, हवा राहू देऊ नका. सगळा पत्रा झाकायची गरज नाही. मधल्या सपाट भागाचा पाव ते एक तृतीयांश भाग पुरतो. लावण्याआधी बोटाने टकटक करा, ‘टण्ण’ असा आवाज येईल. लावल्यावर ‘ठक’. तो ‘ठक’ आला की थांबा. जास्त लावून फक्त दाराचं वजन वाढतं आणि बिजागऱ्या कुरकुरतात.

शीट घेताना वास घ्या. स्वस्तात डांबराची शीट गळ्यात मारली जाते. विदर्भात, मराठवाड्यात उन्हात उभी राहिलेली गाडी आठवा. डांबर मऊ होतं, घसरतं आणि गाडीभर वास सुटतो.

दोन, आतल्या पत्र्यावरची भोकं बंद करणं. छोट्या भोकांवर ब्यूटाइल शीट चालते. मोठ्या भोकांवर ती नुसतीच लावली तर पडद्यासारखी फडफडते. तिथे दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती एसीपी शीट कापून स्क्रूने बसवा आणि कडेने ब्यूटाइल लावा. स्क्रूने अशासाठी, की उद्या काचेची मोटर बिघडली तर मेकॅनिकला ती उघडता आली पाहिजे. स्क्रू आखूड घ्या, आत काच फिरते.

तीन, स्पीकरखालची कडी. कंपनीच्या स्पीकरची बैठक बऱ्याचदा पातळ प्लास्टिकची असते. तिच्या जागी भक्कम कडी हवी. एमडीएफची कडी दुकानात सगळ्यात सहज मिळते, पण दाराच्या आत पाणी असतं. कोकणात एका पावसाळ्यात ती बिस्किटासारखी फुगते. एचडीपीई, ॲक्रिलिक किंवा डब्ल्यूपीसीची कडी घ्या.

दोन गोष्टींशी खेळायचं नाही

पाण्याबद्दल आधी. काच आणि रबर यांच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, गाडी कितीही महाग असो. ते दाराच्या तळाच्या भोकांतून खाली निघून जातं. ती भोकं कुठल्याही परिस्थितीत बुजवू नका. बुजवली की दाराच्या तळाशी पाणी साचतं आणि पत्रा आतून गंजतो. काम झाल्यावर काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओता आणि ते दाराच्या खालून बाहेर येतंय का ते बघा. आत फोम लावणार असाल तर पाणी न पिणाराच, म्हणजे क्लोज्ड-सेल फोम. गादीचा स्पंज नको. क्रॉसओव्हरची डबी दाराच्या पोकळीत ठेवू नका, डॅशबोर्डखाली कोरड्या जागी ठेवा.

दुसरी गोष्ट एअरबॅगची. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. बाजूने धडक बसली की दार आत दबतं, पोकळीतला दाब एकदम वाढतो आणि त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही ते ठरतं. अशा दारातली भोकं आपल्या मनाने बंद करणं किंवा उघडी ठेवणं, दोन्ही धोक्याचं आहे. दारात असा सेन्सर आहे का ते सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. असेल तर भोकं बंद करायचं काम टाळा. कंपनीने लावलेलं आवरण जसंच्या तसं परत लावा, आणि फक्त बाहेरचा पत्रा आणि स्पीकरची बैठक एवढ्यावर भागवा. फरक तरीही पडतो. खर्ज थोडा कमी मिळेल, पण हा सौदा जिवाशी आहे. आणि कुठलाही कपलर काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून थोडा वेळ थांबा.

बसवताना

एका वेळी एकच दार उघडा. काही विसरलात तर शेजारचं दार बघता येतं. डोअर पॅडचे स्क्रू हँडलच्या मागे आणि कप्प्यात टोपणाखाली लपलेले असतात, बाकी कडेने प्लास्टिकच्या क्लिपा. लोखंडी पेचकस घुसवू नका, प्लास्टिकची पट्टी वापरा. चार-सहा जादा क्लिपा आणून ठेवा, एखादी तुटतेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत सामान घ्यायला जाल तेव्हाच तुमच्या गाडीचा स्पीकर कपलरही मागा. तो एका बाजूने कंपनीच्या वायरिंगमध्ये आणि दुसऱ्या बाजूने नव्या स्पीकरला बसतो. वायर कापायची नाही. कापलेली वायर दिसली की उद्या विजेच्या कुठल्याही बिघाडात वॉरंटी नाकारायला कारण मिळतं. जुने स्पीकर फेकू नका, गाडी विकताना परत लावता येतात.

कंपनीचा स्पीकर रिव्हेटने बसवलेला असेल तर ते ड्रिलने काढावे लागतात. काढल्यावर पत्र्याचा चुरा नीट साफ करा. स्पीकरचं चुंबक तो खेचून घेतं, आणि चुरा आत गेला की स्पीकर कायमचा खरखरतो. नवा स्पीकर आणि कडी यांच्यामध्ये फोमची पट्टी, आणि स्पीकरच्या पुढच्या कडेलाही फोमची जाड कडी लावा, म्हणजे आवाज डोअर पॅडच्या मागे न घुसता जाळीतून सरळ बाहेर येतो. हे काही रुपयांचं काम आहे आणि बहुतेक दुकानांत ते होत नाही.

आता प्लस-मायनस. एका बाजूची वायर उलटी लागली तर एक कोन पुढे जाताना दुसरा मागे जातो, आणि खर्ज पुन्हा गायब. वायरच्या रंगांवर विसंबू नका. स्टिरिओचा कपलर सोडून घ्या आणि त्या टोकाकडून दीड व्होल्टचा साधा सेल मोठ्या स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवा. प्लसला प्लस लागला तर कोन बाहेर उडी मारतो. दोन्ही दारांत तो एकाच दिशेने गेला पाहिजे. ही चाचणी ट्वीटरवर करू नका.

डोअर पॅड बसवण्याआधी काच तीन-चार वेळा वर-खाली करा, दार आपटून बघा, गाणं लावून बघा. पॅड लावल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

बसवल्यावर

स्टिरिओत एचपीएफ किंवा हाय-पास अशी सोय असेल तर ती ८० हर्ट्झवर ठेवा. दारातल्या स्पीकरला त्याखालचा आवाज झेपत नाही. तो काढून टाकला की उरलेलं स्वच्छ वाजतं आणि आवाज जास्त वाढवता येतो. बास, ट्रेबल, लाउडनेस सगळं शून्यावर आणा. जुन्या स्पीकरसाठी वाढवलेला बास तसाच राहिला तर नवा स्पीकरही फाटतो. फेडर पुढच्या बाजूला सरकवा. आपण मैफिलीत गायकाकडे पाठ करून बसत नाही.

चाचणीसाठी ओळखीची गाणी लावा, आणि ब्लूटूथऐवजी पेनड्राइव्हवरून. एक साधी मैफिल, जिच्यात आवाज, तबला आणि पेटी वेगवेगळे ऐकू येतात. एक ढोलकीची लावणी. ढोलकीच्या थापेनंतर दार गुणगुणतंय का ऐका. गुणगुणत असेल तर पॅडवर हात दाबून जागा शोधा. बहुतेक वेळा एखादी मोकळी वायर किंवा सैल क्लिप सापडते.

पंधरा हजारांचा हिशोब

माझी वाटणी अशी: साधारण निम्मे पैसे पुढच्या कॉम्पोनंट सेटवर, तीस टक्के ब्यूटाइल, एसीपी, कड्या आणि फोमवर, उरलेले कपलर आणि मजुरीवर. दुकानदार दाराचं काम फुकटात करून देतो म्हणाला, तर नेमकं काय करणार ते विचारा. शीट कुठली, कडी कशाची, वायर कापणार का, तळाची भोकं उघडी ठेवणार का. जो फिटर या चार प्रश्नांची उत्तरं न चिडता देतो, त्याच्याकडे गाडी द्या. आणि तो काम करत असताना शेजारी उभे राहा, चहा पाजा.

दोन-तीन महिने असंच ऐका. तेवढ्यात कानाला कळतं की आणखी काही हवंय का. आवाज मोठा केल्यावर फाटतो असं वाटलं तर चार चॅनेलचा छोटा ॲम्प्लिफायर घ्या. त्याचा बॅटरीकडचा फ्यूज प्लस टोकापासून अर्ध्या मीटरच्या आत हवा, नाहीतर वायर घासली की आग. मग खर्जाची भूक उरलीच, तर सीटखालचा सबवूफर. त्याच्यावर पुढच्या भागात बोलू. तोवर तुमच्या गाडीचं नाव आणि दारातली माउंटिंग डेप्थ मोजून पाठवा, काच खाली करून बरं का. भेटू या.